मोबदल्याविना घेतलेला हक्क
(प्रस्तावना)

१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातले राज्य सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेले. शाळा, तहसील कचेऱ्या, सरकारी रुग्णालये यांच्या फाटकांवर ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घुमत होती. त्याच दिवशी विधिमंडळाने नवा मेस्मा, म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, मंजूर केला. जुन्या मेस्माची मुदत संपलेली होती आणि नवे विधेयक सभागृहात आले ते संपाच्या पहिल्या दिवशी. चर्चाही फारशी झाली नाही. पेन्शनचा प्रश्न मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून पडून होता. त्या तारखेपासून नोकरीला लागणाऱ्यांना म्हातारपणी ठरलेले निवृत्तिवेतन मिळणार नाही, हे सतरा वर्षे सगळ्यांना ठाऊक होते. तोडग्याची भाषा गंभीरपणे सुरू झाली ती संपाची नोटीस हातात पडल्यावर.

संपाचा हक्क काढून घ्यायला सरकारला एक दिवस पुरतो. गाऱ्हाण्याचा निकाल लावायला सतरा वर्षे पुरत नाहीत. या दोन्हींमधले अंतर हा या पुस्तकाचा विषय आहे.

मेस्माचे काम कसे चालते ते आधी सांगतो. सरकार एक आदेश काढते की अमुक सेवेत संपाला मनाई आहे. आदेश प्रसिद्ध झाला की त्या सेवेतला संप बेकायदा ठरतो. केंद्राच्या १९६८ आणि १९८१ च्या कायद्यांनी हा साचा घालून दिला. आदेश सहा महिन्यांचा, हवा तर आणखी सहा महिन्यांनी वाढवता येणारा. संपात उतरणाऱ्याला कैद किंवा दंड, चिथावणी देणाऱ्याला त्याहून अधिक, संपाला पैसे पुरवणाऱ्यालाही शिक्षा. पोलिसांना वॉरंटशिवाय अटकेची मुभा. खात्याची बडतर्फी वेगळीच. संपाची व्याख्याही इतकी रुंद की सेवा चालू ठेवण्यासाठी लागणारा ओव्हरटाइम नाकारणे हादेखील संपच. आठ तासांची ड्युटी इमानाने करून घरी निघालेला माणूसही या व्याख्येत गुन्हेगार ठरू शकतो.

शिक्षा काळानुसार वाढत गेल्या. १९६८ च्या कायद्यात संपात भाग घेतल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होता. २०२१ मध्ये दारूगोळा कारखान्यांसाठी जो अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आला, त्यात ही शिक्षा एक वर्ष किंवा १०,००० रुपये, आणि चिथावणीसाठी दोन वर्षे किंवा १५,००० रुपये इतकी झाली. तो कायदा कशासाठी आला तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. अंबरनाथ, खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, अंबाझरी अशा देशभरातल्या ४१ कारखान्यांच्या कंपन्या करायचे सरकारने ठरवले. कामगारांनी संपाची हाक दिली. ३० जून २०२१ रोजी अध्यादेश निघाला आणि १ ऑक्टोबरला ते कारखाने सात कंपन्यांमध्ये वाटले गेले. ज्यांचा मालकच बदलला जाणार होता, त्यांना त्यावर काम थांबवण्याची सोय राहिली नव्हती.

आणि ‘अत्यावश्यक’ काय हे कोण ठरवतो? सरकारच. कायद्यात सेवांची यादी असते, पण यादीच्या शेवटी एक असे कलम असते की सरकारला जनजीवनासाठी जरुरीची वाटेल ती सेवा तीत घालता येते. ज्या सरकारशी कर्मचाऱ्याचा तंटा आहे, तेच सरकार त्याची सेवा अत्यावश्यक ठरवते, तेच संपाला मनाई करते, त्याचेच पोलीस अटक करतात. खासगी कारखानदाराला निदान सरकारकडे धाव घ्यावी लागते. इथे मालक आणि कायदा करणारा एकच आहे. या विषयातली सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

आता याच्या शेजारी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा ठेवून पाहा. त्याचे २२ वे कलम वीज, पाणी, रेल्वे, टपाल, सफाई अशा लोकोपयोगी सेवांसाठी होते. अशा सेवेतल्या कामगाराने नोटीस दिल्याशिवाय संप करायचा नाही, नोटिशीनंतर चौदा दिवस थांबायचे, समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करायचा नाही. बंधन कडक होते. पण त्या बंधनाला जोड होती. नोटीस मिळाली की समेट अधिकाऱ्याला बोलणी सुरू करावीच लागत. कारखान्यांच्या बाबतीत ‘करू शकेल’ असे असलेले कर्तव्य इथे ‘करील’ असे होते. बोलणी फिसकटली तर तो तंटा न्यायाधिकरणाकडे पाठवणे हे सरकारचे काम होते. नोटीस खोडसाळ असेल किंवा तसे करणे इष्ट नसेल तरच सरकारला नकार देता येई, आणि त्याची कारणे न्यायालयात तपासता येत. कायदा कामगाराला सांगत होता, थांब, पण तू थांबलास म्हणून तुझे लवकर ऐकले जाईल.

मेस्माने यातला पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा गाळला. संपाला मनाई केल्यावर तंटा इतक्या दिवसांत लवादाकडे गेलाच पाहिजे, असे सांगणारे एकही कलम या कायद्यांच्या परंपरेत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि पुढची सगळी प्रकरणे त्याच्याभोवती फिरतात. अतिदक्षता विभागातली परिचारिका, पाणी शुद्धीकरण केंद्रातला कामगार, अग्निशामक दलाचा जवान यांनी एकदम काम थांबवू नये, हे मला मान्य आहे. पण ज्याच्याकडून हे मागायचे त्याला काहीतरी द्यावे लागते.

ही मागणी नवी नाही. नोकरीचा करार मोडणे हा दिवाणी मामला की फौजदारी गुन्हा, या वादाला दीडशे वर्षांहून अधिक काळ झाला आहे. ब्रिटिश सरकारने १८५९ मध्ये भारतात एक कायदा केला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला त्यान्वये तुरुंगात पाठवता येई. खुद्द इंग्लंडमध्ये १८७५ साली नोकरीचा करार मोडण्याला असलेली फौजदारी शिक्षा रद्द झाली. मात्र गॅस आणि पाणी पुरवणाऱ्या कामगारांना अपवाद केला गेला, कारण त्यांनी काम सोडले तर शहर अंधारात आणि तहानलेले राहील. अत्यावश्यक सेवेच्या कल्पनेचे मूळ तिथे आहे. भारतातला १८५९ चा कायदा जायला १९२५ साल उजाडावे लागले. तोवर आपल्याकडे गिरण्यांची चाके थांबवण्याची ताकद आलेला कामगार उभा राहिला होता. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. पुढच्याच वर्षी व्यापारी तंटे कायदा आला आणि त्यात लोकोपयोगी सेवेत नोटिशीविना संप करणे हा गुन्हा ठरला. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकला, तेव्हा सभागृहापुढे हेच विधेयक होते. शाळेच्या पुस्तकात बॉम्ब असतो. विधेयक कशाबद्दल होते ते बहुतेकदा नसते.

सफाई कामगारांची गोष्ट आणखी वेगळी. नगरपालिकांच्या कायद्यांत, ठरलेल्या मुदतीची सूचना न देता काम सोडणारा सफाई कामगार शिक्षेला पात्र होता. ज्या कामाला समाजाने एका जातीला जन्माने बांधले, त्या कामातून उठून जाणे कायद्यानेही गुन्हा ठरवले. गांधीजींचे मतही संपाच्या विरुद्धच होते. सफाई कामगारांनी संप करणे गैर आहे आणि डर्बनमध्ये असताना, १८९७ च्या सुमारापासून, आपले हेच मत आहे, असे त्यांनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिले. गांधीजींची सफाईच्या कामाबद्दलची कळकळ खोटी नव्हती. त्यांनी ते काम स्वतः केले. पण हातात दुसरे काहीही नसलेल्या माणसाकडून त्याचे एकमेव साधन मागून घेताना बदल्यात काय देणार, याचे उत्तर त्या भूमिकेत सापडत नाही.

ते उत्तर मागणारे भाषण मुंबईच्या विधानसभेत १५ सप्टेंबर १९३८ रोजी झाले. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले होते. समेटाची प्रक्रिया पुरी होईपर्यंत संप बेकायदा, असा त्याचा गाभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध करताना वकिलाच्या शिस्तीने एकच मुद्दा लावून धरला. संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग. करारभंगाबद्दल नुकसानभरपाई मागा. पण माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावण्यासाठी तुरुंगाची भीती घालाल, तर त्याला गुलाम कराल. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. विधेयक बहुमताने मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला, मुंबईत मोठी मिरवणूक निघाली, गोळीबार झाला. एरवी एकमेकांशी न पटणारे आंबेडकर आणि कम्युनिस्ट नेते डांगे त्या दिवशी एका व्यासपीठावर होते. मराठी माणसाच्या राजकीय आठवणीत हा दिवस जेवढा ठळक असायला हवा तेवढा तो नाही. म्हणून या पुस्तकात त्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

बाबासाहेबांचा युक्तिवाद मेस्माला जसाच्या तसा लागू पडतो का? पूर्णपणे नाही, असे मला वाटते. करारभंग फौजदारी ठरू शकतो अशी एक जागा भारतीय दंड संहितेतच होती. तिचे ४९१ वे कलम म्हणत असे की लहानपण, वेड किंवा आजारपण यांमुळे असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून ज्याने ती मुद्दाम सोडली, तो शिक्षेस पात्र आहे. नव्या भारतीय न्याय संहितेतही हे कलम राहिले आहे. त्यामागचा विचार मला आजही पटतो. समोरचा माणूस आपल्या हातावर जगतो आहे आणि त्याला दुसरा आधार नाही, तेव्हा आपला हात काढून घेण्याला मर्यादा असते. अत्यावश्यक सेवेची खरी कसोटी एवढीच असायला हवी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही तीच धरली आहे: जी सेवा बंद पडल्याने लोकांचा जीव, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येते तीच अत्यावश्यक. रुग्णालये, वीज, पाणी, विमानांचे हवाई नियंत्रण या कसोटीला उतरतात. बँका, शिक्षण, बंदरे, सर्वसाधारण वाहतूक उतरत नाहीत. त्यांच्यासाठी फार तर किमान सेवा चालू ठेवण्याचे बंधन चालेल. आणि जिथे संपाला मनाई आहे तिथे निःपक्षपाती, जलद आणि दोन्ही बाजूंना बांधील असणारा लवाद हवा. संघटना स्थापण्याचा आणि सामूहिक सौद्याचा हक्क सांगणारे या संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने अजून मान्य केलेले नाहीत. सरकारी नोकरांच्या हक्कांचा प्रश्न हे त्याचे कारण म्हणून आजवर सांगितले गेले आहे.

लवाद देण्याचा प्रयत्न आपल्याकडे कधी झालाच नाही, असेही नाही. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला. नेहरूंच्या सरकारने अत्यावश्यक सेवा अध्यादेश काढून तो मोडला. पण त्या संपातून सरकार काहीतरी शिकले. १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. तीत कर्मचारी आणि सरकार समोरासमोर बसणार होते आणि वेतन-भत्ते, कामाचे तास व रजा यांवर एकमत झाले नाही तर प्रश्न सक्तीने लवादाकडे जाणार होता. पुढे काय झाले ते पाहा. कर्मचाऱ्यांनी गरजेवर आधारलेले किमान वेतन मागितले. हा निकष काही त्यांनी हवेतून आणला नव्हता. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी तो मान्य केलेला होता. मागणीवर एकमत होईना, तेव्हा ती लवादाकडे द्या असे कर्मचारी म्हणाले. सरकारने नकार दिला. १९ सप्टेंबर १९६८ रोजी एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला. त्याच्या आधीच अध्यादेश निघाला होता. हजारोंना अटक झाली, पठाणकोटला गोळीबारात रेल्वे कर्मचारी मृत्युमुखी पडले, आणि वर्ष सरता सरता त्या अध्यादेशाचा कायदा झाला. आपल्या मेस्माची वंशावळ तिथवर जाते. लवादाचे आश्वासन दोन वर्षांत बाजूला पडले आणि त्याच प्रसंगातून जन्मलेली संपबंदी आज अर्धशतकानंतरही नव्या नव्या नावांनी जिवंत आहे.

१९७४ च्या रेल्वे संपाविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात. ८ मे ते २७ मे. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच अटक. भारत संरक्षण नियमांचा सरसकट वापर. वसाहतींमधून बायकामुलांसह घर रिकामे करायला लावलेले कर्मचारी. त्याच दशकाच्या शेवटी, १९७७-७८ मध्ये, महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप झाला. महागाई भत्त्याच्या प्रत्येक हप्त्यामागे ते ५४ दिवस उभे आहेत, हे आज नोकरीत असलेल्या अनेकांना माहीत नसते.

न्यायालयांचे म्हणणे थोडक्यात सांगता येते. संघटना करण्याचा हक्क मूलभूत आहे, पण संपाचा हक्क त्यात येत नाही, हे साठच्या दशकातच ठरले. त्यानंतर संप हे सौद्याचे एक मान्य साधन आहे, असे म्हणणारे निकालही आले. परंतु ६ ऑगस्ट २००३ रोजी रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक असा कोणताच हक्क नाही, असे सांगितले. त्या प्रकरणात तामिळनाडू सरकारने संपावरच्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना चौकशीविना घरी पाठवले होते. बहुतेकांना माफीनामा लिहून परत घेतले गेले. नैतिक हक्क नाही, हे शब्द मला आजही बोचतात. संप बेकायदा आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावे. भुकेपोटी किंवा अपमानापोटी काम थांबवणाऱ्याची नीती कायद्याच्या पुस्तकातून मोजता येत नाही.

मेस्माचे खरे रूप पाहायचे असेल तर मार्च २०१८ मधल्या अंगणवाडीकडे वळावे लागते. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस महाराष्ट्रात दोन लाखांच्या घरात आहेत. कुपोषित बालकांची वजने घ्यायची, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायच्या, आहार शिजवून वाढायचा, लसीकरणाला माणसे जमवायची, आणि सरकारला गरज पडली की सर्वेक्षणही करायचे. त्यांना पगार मिळत नाही, मानधन मिळते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी खटल्यात सांगितले होते की त्या कोणतेही सरकारी पद धारण करीत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी जवळपास महिनाभर संप केला तेव्हा सेविकेचे मानधन महिना ५,००० रुपयांवरून ६,५०० रुपये झाले. त्यानंतर पाच-सहा महिन्यांत सरकारने त्यांना मेस्मा लावला. म्हणजे पेन्शन, महागाई भत्ता, भरपगारी रजा मागायला गेल्या तर त्या कर्मचारी नव्हत्या. काम थांबवायला निघाल्या तर मात्र राज्याची अत्यावश्यक सेवा होत्या. विधानसभेत गदारोळ झाला. सत्तेत असलेल्या शिवसेनेचे आमदारही विरोधात उभे राहिले आणि मुख्यमंत्र्यांना स्थगिती जाहीर करावी लागली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्या निकालासाठी लढणाऱ्या बाया गुजरातच्या होत्या, पण त्याचा आधार आपल्या गावच्या सेविकेलाही आहे. एखाद्या सेवेला अत्यावश्यक म्हणणाऱ्या सरकारने ती सेवा देणाऱ्या बाईला आधी कर्मचारी म्हणावे, एवढी मागणी करायला कोणती विचारसरणी लागते?

एसटीचा संप मात्र मला सर्वांत अवघड वाटतो. इथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते आणि वाचकाचेही ओढले जाईल. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या आडगावांचे तालुक्याशी नाते एसटीने जोडले आहे. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर ती थांबली आणि पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. ज्यांच्याकडे मोटार होती त्यांचे काही अडले नाही. अडले ते कॉलेजला जाणाऱ्या मुलींचे, सिव्हिल हॉस्पिटलात फेऱ्या मारणाऱ्या म्हाताऱ्यांचे, बाजाराला भाजी नेणाऱ्या बायांचे. खासगी गाड्यांनी मनमानी भाडे घेतले. शाळा सुटलेली एखादी मुलगी पुन्हा वर्गात आली की नाही याची मोजदाद कोणत्याही समितीने केली नसेल. संप सोसणारा इथे संप करणाऱ्याच्याच थरातला होता, कधी कधी त्याच्याच घरातला. हे बाजूला सारून संपाच्या हक्काविषयी लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

पण दुसरी बाजू पाहा. टाळेबंदीच्या काळात एसटीचे पगार रखडत होते. आगारांत मुक्कामाच्या जागा माणसाला निजता येऊ नये अशा. सरकारी कर्मचाऱ्याच्या तुलनेत चालक-वाहकाचा पगार तुटपुंजा. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. औद्योगिक न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, सरकारने मेस्माचा इशारा पुन्हा पुन्हा दिला, निलंबने आणि बडतर्फ्या झाल्या, तरी नव्वद हजारांच्या आसपास माणसांच्या महामंडळात बहुतांश काम बंदच राहिले. नोव्हेंबरमध्ये मूळ वेतनात वाढ जाहीर झाली; सेवेच्या कालावधीप्रमाणे पाच, चार आणि अडीच हजार रुपये. ती वाढ संपाआधी देता आली नसती का? महामंडळ राज्य सरकारात विलीन करण्याची संपकऱ्यांची मागणी मान्य होण्यासारखी होती का, याबद्दल मला शंका आहे, आणि नेतृत्वाने ती मागणी इतक्या टोकाला नेली हे चुकले असेही मला वाटते. तरीही केवळ शिक्षेच्या धाकाने गाड्या पूर्ववत आगाराबाहेर निघत नाहीत, हे त्या पाच-साडेपाच महिन्यांनी दाखवले. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या असे सांगून परतीची वाट दिली, तेव्हा माणसे परतली.

मुंबईत जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या बसगाड्या नऊ दिवस बंद होत्या. मेस्मा तेव्हाही लावला होता. संप मिटला तो उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्तींना मध्यस्थ नेमल्यावर. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी समांतर वीज परवान्याविरुद्ध ७२ तासांच्या संपावर गेले, पुन्हा मेस्मा लागला, आणि त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांबरोबरच्या बैठकीत संप मागे घेतला गेला. या दोन्ही ठिकाणी संप कशाने संपला? मध्यस्थाने आणि बैठकीने. मेस्माने नाही. जी बैठक संपाच्या पहिल्या दिवशी दुपारी होऊ शकते, ती नोटिशीच्या चौदा दिवसांत व्हावी असे कायद्याने बंधन घालायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, न्यायालये आहेत की. आहेत. मुंबई महापालिकेसाठी कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांनी तीच वाट धरली. आपण खरे तर पालिकेचेच कामगार आहोत, कंत्राट हा देखावा आहे, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते. औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले २०१७ मध्ये. तोवर कोणी म्हातारे झाले, कोणी गेले. शहराचा कचरा या काळात एक दिवसही थांबू दिला जात नव्हता.

आता कायद्याची जमीनच बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली. पूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन लोकोपयोगी सेवांपुरते होते. संहितेच्या ६२ व्या कलमाने ते प्रत्येक औद्योगिक आस्थापनेवर आणले. पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. नोटीस दिली की समेट सुरू होतो, आणि समेट सुरू असेतो व नंतर सात दिवस संप करता येत नाही. प्रकरण न्यायाधिकरणात गेले तर निकालानंतर आणखी साठ दिवस. हे सगळे सांभाळून कायदेशीर संप कसा करायचा, असे तरुण वकील मला विचारतात. मी त्यांना तारखांचा हिशेब मांडून दाखवतो आणि तो जुळत नाही. जी बंधने गॅस, पाणी, वीज यांच्यासाठी अपवाद म्हणून जन्मली, ती आता बिस्किटाच्या कारखान्यालाही नियम म्हणून लागू झाली आहेत. म्हणून मेस्मा हा फक्त सरकारी नोकरांचा प्रश्न आहे असे समजणाऱ्या खासगी क्षेत्रातल्या वाचकानेही हे पुस्तक वाचावे अशी माझी इच्छा आहे.

पुस्तक मी कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले. कलमे, निकाल, नोटिशीचे नमुने, समेटाच्या टप्प्यांचे तक्ते पुढे आहेत. कार्यकर्त्यांना एक कळकळीची सूचना इथेच करतो. रुग्णालय, पाणी, वीज यांत काम करत असाल तर संपाच्या नोटिशीबरोबरच किमान सेवेचा आराखडा स्वतःहून द्या: कोणते वॉर्ड चालू राहतील, कोणत्या पाळीला किती माणसे असतील, तातडीच्या प्रसंगी कोणाला फोन करायचा. तो वर्तमानपत्रांकडेही पाठवा. सरकारने तो धुडकावला तर लोकांना कळेल की जीव कोणी टांगणीला लावला. आमदारांना भेटाल तेव्हा मेस्मा रद्द करा एवढेच मागू नका. ज्या दिवशी संपबंदीचा आदेश निघेल त्या दिवसापासून ठरावीक मुदतीत तंटा स्वतंत्र लवादाकडे जाईल, त्याचा निकाल सरकारवरही बांधील असेल आणि तसे झाले नाही तर आदेश आपोआप संपेल, असे एक कलम त्यात घालायला सांगा.

आणि जे वाचक कोणत्याही संघटनेत नाहीत, एसटीच्या फलाटावर किंवा सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहतात, त्यांच्याकडे एक मागणे आहे. पुढच्या वेळी अमुक सेवेला मेस्मा लागला अशी बातमी वाचाल तेव्हा त्या लोकांनी पहिले निवेदन कोणत्या साली दिले होते ते शोधा, आणि तुमच्या आमदाराला विचारा की तेव्हापासून सरकारने त्यांच्याबरोबर किती बैठका घेतल्या.